रस्त्यावरचे मीठ पुढे जाते कुठे?

हिमवर्षाव होऊन गेल्यानंतरच्या एखाद्या कोरड्या दुपारी रस्त्याकडे नीट पाहिले, तर डांबरावर पांढुरका थर बसलेला दिसतो. गाड्यांच्या चाकांनी तो दोन्ही कडांना लोटलेला असतो, फुटपाथच्या कोपऱ्यांत त्याचे खडे साचलेले असतात आणि इमारतीच्या दारापाशी पाऊल टाकले की ते बुटाखाली करकरतात. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाला हे दृश्य इतके सवयीचे होते की त्याकडे लक्षच जात नाही. माझेही कित्येक हिवाळे तसेच गेले. मग रस्त्यांवर मीठ टाकणारा ट्रक अनेक वर्षे चालवलेल्या एका माणसाशी बोलणे झाले आणि तो सहज म्हणाला, की रस्ता कोरडा झाल्यावर जे मीठ दिसते, त्याने काहीच काम केलेले नसते. ते टाकलेच नसते तरी रस्ता तितकाच सुरक्षित राहिला असता. हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही, आणि त्यानंतर या विषयावर जे वाचले, पाहिले आणि स्वतःच्या दारात करून बघितले, ते येथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट अशी की हे मीठ नाहीसे होत नाही. पाण्यात विरघळले की ते डोळ्यांना दिसेनासे होते, एवढेच. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. सोडियमचा काही भाग मातीच्या कणांना चिकटून राहतो, पण क्लोराइड कशालाही धरून बसत नाही, कुजत नाही, त्याची वाफ होत नाही आणि जिवाणू ते पचवून संपवत नाहीत. बर्फ वितळला की ते पावसाळी गटारात जाते, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून तलावात किंवा नदीत, आणि उरलेले जमिनीतून झिरपत भूजलात. गोड्या पाण्यातून ते वेगळे काढायचे तर समुद्राचे पाणी गोड करण्यासाठी वापरतात तसली रिव्हर्स ऑस्मोसिसची यंत्रणा लागते. एखाद्या तलावासाठी किंवा वाहत्या ओढ्यासाठी ती उभारणे कोणालाही परवडणारे नाही, आणि उभारली तरी मागे उरणारे दाट खारे पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न राहतोच. म्हणून या बाबतीत जो काही उपाय आहे तो मीठ जमिनीवर पडण्यापूर्वीचाच आहे.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून मी एक साधा हिशेब केला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये जलचरांच्या दृष्टीने क्लोराइडची मर्यादा ठरवली: दीर्घकाळासाठी एका लिटरमध्ये २३० मिलिग्रॅम आणि अल्पकाळासाठी ८६० मिलिग्रॅम. मिठाच्या वजनाचा साधारण ६१ टक्के भाग क्लोराइडचा असतो. म्हणजे एक किलो मीठ सुमारे २,६०० लिटर स्वच्छ पाण्याला त्या २३० च्या रेषेपर्यंत नेऊन पोहोचवते. रस्त्याच्या एका लेनवर एका किलोमीटरला ८० किलो मीठ पडणे ही ट्रकच्या एका फेरीतली नेहमीची गोष्ट आहे, आणि तेवढ्या मिठाला दोन लाख लिटरहून अधिक पाणी लागते. हिवाळ्यात अशा किती फेऱ्या होतात आणि किती लेन असतात, याचा विचार केला की ओढ्यांचे काय होत असेल ते वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही मिठाच्या बाजूने जे आहे ते प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण पाण्याबद्दल तळमळीने बोलणारे लोक कधी कधी ते झटकून टाकतात. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या आकडेवारीनुसार त्या देशात हिम, अर्धवट वितळलेले हिम किंवा बर्फ असलेल्या रस्त्यांवरच्या अपघातांत दर वर्षी १,३०० हून अधिक माणसे मरतात आणि एक लाखाहून अधिक जखमी होतात. तिथल्याच मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या १९९२ च्या अभ्यासात असे दिसले होते की दुपदरी महामार्गांवर मीठ टाकल्यानंतर अपघातांचे प्रमाण ८८ टक्क्यांपर्यंत घटले. या अभ्यासाला मीठ उद्योगाच्या संघटनेचे पाठबळ होते हे लक्षात ठेवूनही मूळ निष्कर्ष खोटा मानण्याचे कारण नाही. गोठलेल्या रस्त्यावर रुग्णवाहिका वेळेत पोहोचली नाही तर त्याची किंमत कोण मोजतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो मीठ बंद करा असे म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की आज टाकल्या जाणाऱ्या मिठाचा मोठा भाग सुरक्षिततेच्या कामी येतच नाही, आणि तो भाग कमी करण्यासाठी कोणाचाही जीव धोक्यात घालावा लागत नाही.

ही सवय फार जुनीही नाही. अमेरिकेत रस्त्यांवर मीठ टाकण्याचा पहिला प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात साऱ्या देशातल्या महामार्गांवर मिळून ५,००० टन मीठ पडले. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, उपनगरे पसरली, आणि वादळ थांबताच रस्ता काळा व कोरडा दिसला पाहिजे हे धोरण रुजले. आज तिथे वर्षाला साधारण दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर जाते, आणि कॅनडात सुमारे ५० लाख टन. कॅनडाच्या सरकारने २००१ मध्येच रस्त्यावरचे मीठ पर्यावरणाला घातक असल्याचा निष्कर्ष काढला होता, आणि २००४ मध्ये त्याच्या वापरासाठी आचारसंहिता आणली. तेव्हा या गोष्टीची जाणीव नवी आहे असे म्हणता येणार नाही.

पाण्याचे नेमके काय बिघडते, ते थोडे सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरातल्या मिठाचा जमाखर्च मांडला, तेव्हा असे आढळले की टाकलेल्या मिठापैकी सुमारे ७० टक्के नदीवाटे बाहेर न जाता त्याच पाणलोटात, म्हणजे तलावांत, मातीत आणि भूजलात राहून जाते. दर हिवाळ्यात त्यात भर पडत राहते. यामुळेच एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते: ऐन उन्हाळ्यात, रस्त्यावर मिठाचा कणही नसताना, शहरांजवळच्या ओढ्यांत क्लोराइड चढे असते. उन्हाळ्यात ओढ्याला पाणी भूजलातून येते, आणि ते भूजल मागच्या अनेक हिवाळ्यांचे मीठ घेऊन येते. आज मीठ निम्मे केले तरी त्या ओढ्यात फरक दिसायला वर्षे लागतील, हे लक्षात घेऊनच काम करावे लागते. कोणी दोन वर्षांत निकाल मागितला, तर त्याला हेच सांगावे लागेल.

तलावांचे दुःख वेगळे आहे. खारे पाणी जड असते, त्यामुळे ते तळाशी जाऊन बसते. थंड प्रदेशातल्या तलावांचे पाणी साधारणपणे वसंतात आणि शरदात वरखाली होऊन ढवळले जाते आणि त्या ढवळण्यातून तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो. तळाशी मिठाचा जड थर असला की वाऱ्याला ते पाणी ढवळता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड गावातल्या मिरर लेक या तलावात रस्त्यावरच्या मिठामुळे वसंतातले हे ढवळणे अपुरे राहिल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. तळाशी प्राणवायू संपला की तिथल्या थंड पाण्यात राहणाऱ्या माशांना जागा उरत नाही आणि गाळात अडकलेला फॉस्फरस सुटून वर येतो, म्हणजे शेवाळाला आयते खत मिळते.

आणि हे मोजक्या तलावांपुरते नाही. २०१७ मध्ये हिलरी ड्युगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या ३७१ तलावांच्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या. त्यातून निघालेली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते: तलावाच्या ५०० मीटरच्या परिघात रस्ते, वाहनतळ वगैरे पाणी न मुरणारी जमीन फक्त एक टक्का असली तरी खारेपणा वाढण्याची शक्यता चढते. एक टक्का म्हणजे तलावाच्या काठाने गेलेला एखादा रस्ता आणि मासेमारांसाठी केलेला गाड्या लावायचा एखादा तुकडा.

मर्यादेबद्दलही पुन्हा विचार करायला लावणारा पुरावा आहे. अमेरिका, कॅनडा, स्वीडन आणि स्पेनमधल्या १६ ठिकाणी एकाच पद्धतीने केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जवळजवळ तीन चतुर्थांश ठिकाणी त्या २३० मिलिग्रॅमच्या रेषेवर किंवा तिच्याही खाली पाण्यातले सूक्ष्म प्राणी निम्म्याहून अधिक घटले. हे जीव डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण शेवाळ खाण्याचे काम तेच करतात. ते गेले की शेवाळ मोकळे सुटते, पाणी हिरवट होते आणि त्या जिवांवर जगणाऱ्या लहान माशांची उपासमार होते. म्हणजे कायद्याने जे पाणी अजून ठीक आहे, तेही पुष्कळदा ठीक नसते.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न माणसाला लवकर कळतो, म्हणून तोही सांगतो. न्यूयॉर्क राज्याच्या ॲडिरॉनडॅक भागात खासगी विहिरींचे पाणी तपासले गेले, तेव्हा राज्य महामार्गांचे पाणी ज्यांच्याकडे उतरते अशा विहिरींपैकी ६४ टक्के विहिरींत सोडियम एका लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाले. मीठ अगदी कमी खाण्याचा सल्ला दिलेल्या रुग्णांसाठी हीच पातळी मार्गदर्शक मानली जाते. रस्त्याचे पाणी पोहोचत नाही अशा विहिरींत हे प्रमाण फारच कमी होते. त्या विहिरींवर अवलंबून असलेल्या लोकांच्या तक्रारींतून पुढे राज्याने २०२० च्या अखेरीस त्या भागातला मिठाचा वापर घटवण्यासाठी कायदा केला. क्लोराइडचा दुसरा त्रास नळांत होतो, कारण ते धातू गंजवते. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये नदीचे पाणी वापरायला सुरुवात केली, तेव्हा त्या पाण्यात क्लोराइड जास्त होते आणि गंजरोधक रसायन घातले गेले नाही. काही महिन्यांतच तिथल्या मोटार इंजिनाच्या कारखान्याने यंत्रभाग गंजतात म्हणून ते पाणी घेणे थांबवले. नागरिकांच्या घरांतल्या नळांतून शिसे येत राहिले. तिथले सारे क्लोराइड रस्त्यावरच्या मिठाचे होते असे नाही, आणि मुख्य दोष गंजरोधक न घालण्याचा होता. तरी खारावलेले नदीचे पाणी जुन्या नळांत सोडले की काय होऊ शकते, हे तिथे साऱ्या जगाने पाहिले.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे मीठ नक्की काय करते याकडे. माझ्या मते अर्धी नासाडी याच अज्ञानातून होते. मीठ बर्फाला स्वतःच्या उष्णतेने वितळवत नाही. ते आधी पाण्याच्या पातळ थरात विरघळते आणि त्या द्रावणाचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून आजूबाजूचा बर्फ सुटू लागतो. हे काम तापमानावर इतके अवलंबून आहे की कोष्टक पाहिल्यावर मी थक्क झालो. उणे १ अंश सेल्सिअसला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवते आणि तेही पाचेक मिनिटांत. उणे ४ ला तेच मीठ १४ किलो वितळवते, उणे ७ ला साडेआठ किलो, आणि उणे ९ ला जेमतेम सहा किलो, त्यालाही तासभर लागतो. त्याखाली साधे मीठ रस्त्यावर पडून राहते, गाड्या ते उडवून कडेला टाकतात आणि आपण समजतो की अजून टाकायला हवे होते. आणखी एक गैरसमज असा की जितके मीठ जास्त तितके बरे. द्रावणात मीठ २३ टक्क्यांच्या थोडे वर असताना त्याचा गोठणबिंदू सर्वांत खाली, म्हणजे उणे २१ अंशांवर असतो. त्याहून अधिक मीठ घातले तर गोठणबिंदू पुन्हा वर चढू लागतो.

येथे तापमान म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागाचे, हवेचे नव्हे, ही बारीक गोष्ट फार मोलाची आहे. मार्चमधल्या उन्हात हवा गोठणबिंदूखाली असताना डांबर त्याच्या वर असू शकते, आणि नोव्हेंबरच्या स्वच्छ रात्री याच्या उलट घडते. पुलांना खालूनही गार हवा लागते, म्हणून ते आधी गोठतात. ट्रकवर बसवलेला अवरक्त तापमापक हे सारे चालत्या गाडीत सांगतो, आणि रस्त्यात बसवलेले संवेदक व हवामान केंद्रे पुढच्या काही तासांचा अंदाज देतात. ज्या विभागांनी ही माहिती चालकापर्यंत पोहोचवली, त्यांचे चालक सवयीऐवजी तापमान पाहून मीठ टाकू लागले.

दुसरी समज अशी असायला हवी की मिठाने सगळा बर्फ वितळवायचाच नसतो. त्याचे काम बर्फ आणि डांबर यांची पकड सोडवण्याचे आहे, उरलेले काम ट्रकपुढच्या बर्फ खरवडणाऱ्या पात्याने करायचे. म्हणून वादळाच्या आधीच रस्त्यावर मिठाच्या पाण्याच्या रेघा मारण्याची पद्धत इतकी उपयोगी ठरली. बर्फाच्या प्रदेशात वाहन चालवणाऱ्यांनी त्या समांतर पांढऱ्या रेघा पाहिल्याच असतील. तेच ते २३ टक्क्यांचे द्रावण. ते आधीच सुकून रस्त्याला चिकटलेले असल्याने पहिला बर्फ डांबराला धरत नाही आणि पाते फिरले की तो सालीसारखा निघतो. धरलेला बर्फ नंतर सोडवायला जितके मीठ लागते, त्याच्या कितीतरी कमी, पुष्कळदा चौथा हिस्साच येथे पुरतो. यालाही मर्यादा आहेत: वादळ पावसाने सुरू होणार असेल तर रेघा वाहून जातात, आणि फार गारठ्यात किंवा वाऱ्याने हिम उडत असताना ओलसर रस्ता ते उलट धरून ठेवतो. ही पद्धत नीट वापरायची तर हवामान समजणारा माणूस हवा.

कोरडे मीठ टाकायचेच असेल तर ते ट्रकच्या मागच्या, मीठ फेकणाऱ्या फिरत्या चकतीवर पडताना थोडे ओले करून टाकावे, हा तिसरा उपाय. मिशिगनमध्ये १९७० च्या दशकात केलेल्या चाचणीत कोरड्या मिठापैकी सुमारे ३० टक्के उसळून रस्त्याबाहेर गेले, आणि ओले केलेल्यापैकी फक्त ४ टक्के. इतकी साधी गोष्ट, आणि पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झालेली. जर्मनीत ७० टक्के कोरडे मीठ आणि ३० टक्के द्रावण हे मिश्रण आता सर्रास वापरले जाते. याला ट्रकचा वेग कमी ठेवण्याची आणि यंत्र दर हंगामापूर्वी मापात बसवण्याची जोड लागते. चालकाने अमुक दराने मीठ सोडायचे ठरवले आणि यंत्र त्याच्या दीडपट सोडत राहिले, तर सगळे प्रशिक्षण फुकट जाते. त्याशिवाय तुकड्यातुकड्यांची, रस्त्याच्या चढउतारांप्रमाणे वाकणारी पाती आली आहेत. ती जुन्या सरळ पात्यापेक्षा रस्ता बरीच स्वच्छ खरवडतात. जितका बर्फ लोखंडाने निघेल तितके मीठ वाचते. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज या तलावाच्या काठच्या गावांनी पाती, द्रावण आणि मोजमाप यांच्या जोडीने मीठ घटवून दाखवले आहे, आणि तिथले रस्ते काही ओस पडलेले नाहीत. मिठाचे ढीग उघड्यावर न ठेवता छपराखाली पक्क्या जमिनीवर ठेवावेत, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

मिठाला पर्याय शोधणाऱ्यांना मी निराश करू इच्छित नाही, तरी जे आहे ते हे. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड अधिक थंडीत चालतात, पण क्लोराइड त्यांच्यातही असतेच. थोड्या प्रमाणात, योग्य तापमानाला वापरले तर त्यांनी एकूण मीठ घटू शकते, मात्र पिशवीवर हिरवे पान छापले म्हणून ती पाण्याला निरुपद्रवी होत नाहीत. बीटचा रस मिठाला चिकटपणा देतो, पण ओढ्यात गेल्यावर कुजताना प्राणवायू खातो आणि सोबत फॉस्फरस आणतो. ॲसिटेट प्रकारच्या बर्फ वितळवणाऱ्या रसायनांचेही कुजणे असेच, शिवाय ती महाग. वाळू काही वितळवत नाही, फक्त पकड देते, आणि शेवटी गटारे व माशांची अंडी घालण्याची जागा बुजवते. फिनलंडमध्ये भूजलाच्या संवेदनशील भागांत पोटॅशियम फॉर्मेट हे क्लोराइड नसलेले रसायन वापरून पाहिले गेले आणि ते मातीत विघटित होते असे आढळले. मोजक्या जागी असा पर्याय योग्य आहे, पण सगळ्या रस्त्यांवर तो परवडणारा नाही. म्हणून मला तरी कमी आणि नेमके मीठ हाच मुख्य मार्ग दिसतो.

सरकारी रस्त्यांवर ही सुधारणा सुरू झाली आहे. जिथे ती अडते ती जागा म्हणजे दुकानांचे वाहनतळ, कार्यालयांची प्रांगणे आणि निवासी संकुले. तिथे मीठ टाकणारा कंत्राटदार अनेकदा टाकलेल्या मिठाच्या वजनावर पैसे घेतो, म्हणून जास्त टाकण्यात त्याचा फायदा असतो. तसे नसले तरी त्याच्या मागे भीती असते. कोणी घसरून पडले आणि खटला झाला तर न्यायालयात 'मी भरपूर मीठ टाकले होते' हेच त्याचे उत्तर. या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. लहान व्यवसाय एका खटल्याने बुडू शकतो. न्यू हॅम्पशायरने यावर काढलेला तोडगा मला सर्वांत शहाणा वाटतो. एका महामार्गाच्या रुंदीकरणावेळी आसपासचे ओढे आधीच मिठाने भरलेले असल्याचे दिसले, आणि त्या मिठाचा मोठा वाटा खासगी जागांचा निघाला. तेव्हा राज्याने कायदा केला की जो कंत्राटदार प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवतो, ठरलेल्या पद्धतीने काम करतो आणि नोंदी ठेवतो, त्याला आणि त्या जागेच्या मालकाला घसरून पडण्याच्या दाव्यांपासून मर्यादित संरक्षण मिळेल. म्हणजे जास्त मीठ हा बचाव न राहता नीट ठेवलेली वही हा बचाव झाला.

आमच्या संकुलातही हाच अनुभव आला. मीठ कमी करा एवढेच मी म्हणत होतो तोवर कंत्राटदाराने मान हलवली आणि पहिल्यासारखेच पोते ओतले. त्याला दोष देता येत नाही, कारण जोखीम त्याची होती आणि सल्ला माझा. व्यवस्थापन समितीने करार बदलून वजनाऐवजी हंगामाचे ठराविक पैसे ठरवले, प्रत्येक वेळची तारीख, पृष्ठभागाचे तापमान आणि टाकलेले मीठ लिहून ठेवायला सांगितले, आणि उणे १० च्या खाली मिठाऐवजी जाड वाळू टाकायचे मान्य केले, तेव्हा खरा फरक पडला. वृद्ध रहिवाशांनी सुरुवातीला हरकत घेतली आणि ती योग्यच होती. म्हणून त्यांच्या दारापुढचे हिम आधी आणि लवकर काढायचे ठरले. हिम पायांनी तुडवले जाऊन त्याचा बर्फ होण्याआधी ते उचलले, तर मिठाची गरजच निम्मी होते, हे त्या हिवाळ्यात सगळ्यांना दिसले.

वाहन चालवणाऱ्यांचीही यात बाजू आहे. वादळ थांबल्यावर दोन तासांत रस्ता काळा हवा आणि वेग नेहमीचा हवा, ही अपेक्षाच मिठाचे मोठे कारण आहे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. स्वीडनमध्येही हिवाळी परिस्थितीत ते लावावेच लागतात. फिनलंड हिवाळ्यात अनेक रस्त्यांवरची वेगमर्यादा उतरवते, मोटरवेवर ताशी १२० किलोमीटरची १०० करते. क्यूबेकने काही कमी वर्दळीचे रस्ते तर हिवाळाभर पांढरेच ठेवायचे ठरवले आहे. तिथे हिम दाबून, खरवडून रस्ता राखतात आणि चालकांना तसे फलक लावून सांगतात. कोणत्या रस्त्यावर रुग्णालय आहे, कोणता चढाचा आहे, कोणता विहिरींच्या वरच्या अंगाने जातो, असे प्रत्येक रस्त्याचे वेगळे उत्तर शोधावे लागते. सगळ्या रस्त्यांना एकच माप लावण्याचे मला समर्थन करता येत नाही.

घराच्या पायरीसाठी मोजमाप सोपे आहे. मिनेसोटाचे प्रदूषण नियंत्रण खाते सांगते की सुमारे ३५० ग्रॅम, म्हणजे कॉफीचा एक मोठा मग भरून मीठ, सहा मीटरच्या ड्राइव्ह-वेला किंवा फुटपाथच्या दहा फरश्यांना पुरते. दोन खड्यांमध्ये बोटभर अंतर दिसले पाहिजे. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा फारच विरळ वाटले आणि हात आपोआप पुन्हा पोत्याकडे गेला. थांबलो, वीस मिनिटांनी पाहिले, तर बर्फाखाली पाणी सुटलेले होते आणि फावड्याच्या टोकाने तो तुकड्यातुकड्यांनी उचलला गेला. संध्याकाळी फरशी सुकल्यावर उरलेले खडे झाडून डब्यात भरले. तोच डबा पुढच्या दोन वेळांना पुरला, आणि मार्चमध्ये दारापुढच्या फरशीवर पांढरा थर नव्हता.